वजन कमी करायचंय म्हणून पाणी वाढवताय? मग बाटली नंतर घ्या, आधी हे करा

पाण्याने चरबी वितळत नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच विचारायचं होतं ते मोकळे. आता उरलेल्यांसाठी. पाणी वाढवून वजन उतरलेली माणसं खरंच असतात, मी पण त्यातलीच, पण त्यात कामाच्या गोष्टी दोनच आहेत: पाणी आलं म्हणून पोटात जायचं काय थांबलं, आणि जेवायला बसलात तेव्हा ते पाणी पोटात होतं का. बाकी कोमट की गार, लिंबू पिळून की काकडी टाकून, काचेच्या बाटलीत की स्टीलच्या, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि वजनकाट्याला त्याचा पत्ताही नसतो.

माझी सुरुवात कशी झाली ते ऐका. दोन लिटरची मोठी बाटली आणली, वर वेळा छापलेल्या, आठ वाजता इथपर्यंत, दहा वाजता तिथपर्यंत, आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी सहाला लक्षात आलं की अर्ध्याहून जास्त बाटली तशीच आहे, मग काय, सहा ते नऊमध्ये सगळी रिचवली आणि रात्री तीन वेळा उठले. दुसऱ्या दिवशी झोप अपुरी, डोकं जड, आणि दिवसभर नुसती भूक भूक. नव्याचे नऊ दिवस पण झाले नाहीत, सातव्या दिवशी बाटली फळीवर गेली. खालचा क्रम मी माझ्याच चुका उलट्या लावून बनवलाय.

आधी एक तपासून घ्या

किडनीचा आजार असेल, हार्ट फेल्युअर असेल, लिव्हरच्या आजाराने पोटात पाणी साठत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीये. तिथे दिवसाचं पाणी डॉक्टर मोजून देतात आणि ते मापच पाळायचं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्तातलं सोडियम कमी झालंय असं कधी रिपोर्टमध्ये आलं असेल तरी पाणी वाढवायच्या आधी विचारा. दोन मिनिटांचा प्रश्न आहे, त्यात लाजायचं काय.

पायरी १: तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहा

पाणी वाढवायचं म्हणजे किती वाढवायचं, हे आत्ता किती पिताय ते कळल्याशिवाय ठरत नाही. आणि बहुतेकांचा अंदाज चुकतो, दोन्हीकडे. त्यासाठी आधी आपल्या ग्लासाचं माप काढा. १ लिटरची बाटली भरायची आणि आपल्या नेहमीच्या ग्लासात ओतत जायचं, चार ग्लास भरले तर ग्लास २५० मिलीचा, पाच भरले तर २०० चा. मी वर्षानुवर्षं जो 'एक ग्लास' समजत होते तो १८० मिलीच निघाला.

मग तीन दिवस मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचं, त्यातला एक दिवस सुट्टीचा घ्या कारण सुट्टीच्या दिवशी आपण वेगळेच वागतो. फक्त पाणी लिहायचं नाही, घशाखाली उतरलेली प्रत्येक पातळ गोष्ट लिहायची, चहा, कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक, मिल्कशेक, दारू घेत असाल तर ती पण, आणि चहा-कॉफीपुढे साखरेचे चमचे. कुणाला दाखवायचं नाहीये त्यामुळे खोटं लिहू नका. या तीन दिवसांत काही सुधारायला जायचं नाही. फार मोह होतो, मला झाला होता.

पायरी २: त्या यादीतलं गोड शोधा, खरं वजन इथे आहे

आता यादीत ज्याच्यात साखर आहे त्याला गोल करा. कोल्ड्रिंकचा ३३० मिलीचा एक कॅन म्हणजे साधारण ३५ ग्रॅम साखर, जवळपास १४० कॅलरी. रोज दोन घेत असाल तर २८० आणि महिन्याला ८,४००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे कागदावर महिन्याला एक किलोहून जास्त फक्त त्या दोन कॅनमध्ये बसलंय. प्रत्यक्षात शरीर इतकं सरळ गणित करत नाही, वजन उतरायला लागलं की खर्चही थोडा आटतो, पण दिशा तीच.

कोल्ड्रिंक पीत नाही म्हणून खूश होऊ नका. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, तेच १३० ते १६० कॅलरी, दूध वेगळंच. संत्र्याचा ज्यूस २५० मिली घेतला की शंभरच्या वर कॅलरी गेल्याच, आणि आख्खं संत्रं खाल्ल्यावर जो चोथा पोटात जातो तो ज्यूसमध्ये जवळपास राहत नाही. आणि ते सकाळचं कोमट पाणी लिंबू मध, ज्याला फॅट कटर म्हणतात! त्यातला एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी. लिंबात चरबी कापणारं काही नाही, पाणी आहे ते ठीक, आणि मध तर सरळ साखरच. चव आवडते म्हणून प्या ना, पण वजन उतरवायचं औषध म्हणून पिऊ नका, पी हळद आणि हो गोरी असं त्यातून काही होत नसतं.

प्यायलेल्या कॅलरी एवढ्या का नडतात, तर पोट त्या धड मोजत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००० साली एक छोटासा पण मजेदार प्रयोग झाला होता, १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरीच्या जेली गोळ्या खायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरीचं कोल्ड्रिंक. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी आपोआप बाकीचं जेवण कमी केलं. कोल्ड्रिंकच्या वेळी नाही केलं, ते वरचं वर गेलं आणि वजन वाढलं. गोड दोन्हीकडे तेवढंच होतं, फरक चावून खाण्याचा आणि पिण्याचा. माणसं पंधराच, त्यामुळे यावर जग उभं करू नका, पण आपल्याच घरात बघा, कोल्ड्रिंक प्यायलो म्हणून कुणी दोन घास कमी खाल्लेत का?

तर करायचं असं. यादीतलं सगळं गोड एका दिवसात बंद करू नका, चार दिवसांत डोकं फिरेल. त्यातलं ज्याच्यावर तुमचा सगळ्यात कमी जीव आहे ते पेय आधी पकडा, म्हणजे समोर आलं म्हणून पितो असं, दुपारच्या मीटिंगमधलं, जेवणासोबत मागवलेलं, आणि त्या जागी, त्याच वेळेला पाणी. पाणी 'जास्तीचं' प्यायचं नाहीये, कशाच्या तरी ऐवजी प्यायचंय, हा मुद्दा नीट पकडा. कोल्ड्रिंक पण चालू आणि वरून तीन लिटर पाणी पण, असं केलं तर फक्त बाथरूमच्या फेऱ्या वाढतात. आठवड्याने पुढचं पेय. चहातली साखर असेल तर अर्धा अर्धा चमचा उतरवा, जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते, मला तर आता जुना चहा पाक वाटतो.

फेसाची सवय असेल तर साधा बिनसाखरेचा सोडा चालतो. डाएट कोल्ड्रिंक हा मधला थांबा म्हणून चालवून घ्या, माझं मत असं की साखरवालं सोडायला त्याने मदत होत असेल तर उगाच सोवळं पाळू नये. स्पोर्ट्स ड्रिंक मात्र तासभर चालून आल्यावर लागत नाही, त्यात पण साखर असते, पाणी पुरतं.

पायरी ३: जेवणाआधी अर्धा तास, अर्धा लिटर

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण यात फुकटात काहीतरी मिळतं आणि त्याला बऱ्यापैकी पुरावाही आहे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी २०१० साली ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांना कमी कॅलरीच्या डाएटवर ठेवलं, त्यातल्या निम्म्या गटाला रोजच्या तिन्ही जेवणांआधी ५०० मिली पाणी. १२ आठवड्यांनी पाणीवाल्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सुमारे २ किलो जास्त उतरलं होतं. मग २०१५ ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने ८४ स्थूल लोकांवर तसंच केलं, जेवणाच्या ३० मिनिटं आधी ५०० मिली साधं नळाचं पाणी, आणि दुसऱ्या गटाला सांगितलं की जेवायच्या आधी पोट भरलंय अशी कल्पना करा. १२ आठवड्यांत पाणीवाले सरासरी १.३ किलोने पुढे. त्यातही ज्यांनी तिन्ही जेवणांआधी न चुकता पाणी घेतलं त्यांचं ४.३ किलो उतरलं आणि ज्यांनी एकदाच घेतलं किंवा घेतलंच नाही त्यांचं ०.८. आता यात जे न चुकता पाणी पितात ते बाकीच्या गोष्टीही न चुकता करत असणार हे आलंच, सगळं श्रेय पाण्याला देऊ नका.

हे चालतं कसं तर पोटात जागा व्यापली जाते, पोट ताणलं की मेंदूला पुरे झाल्याचा निरोप जातो, आणि ताटात वाढून घेताना हात जरा आखडतो. पण साधं पाणी पोटात फार टिकत नाही, लवकर पुढे सरकतं, म्हणून तासभर आधी प्यायलेल्या पाण्याचा इथे उपयोग नाही. वय वाढलं की पोट जरा सावकाश रिकामं होतं, आणि पाण्याने जेवण कमी होण्याचा परिणाम मोठ्या वयाच्या लोकांत जास्त दिसतो, तरुणांत तेवढा नाही. पंचविशीतल्या माणसाला हे करून काहीच फरक वाटला नाही तर तो खोटं बोलत नाहीये.

५०० मिली एकदम जड जातं, मळमळतं पण. पहिला आठवडा एकाच जेवणाआधी २५० मिलीने सुरू करा, ज्या जेवणाला तुम्ही सगळ्यात जास्त खाता त्याच्या आधी. मग हळूहळू ५००, मग दुसरं जेवण. घटाघटा नको, पाच-दहा मिनिटांत बसून प्या. अ‍ॅसिडिटीचा किंवा जेवण वर येण्याचा त्रास असेल तर पाव लिटरवरच थांबा. जेवताना पाणी प्यायलं की पचन बिघडतं असं बरेच जण सांगतात, निरोगी माणसाचं दोन-चार घोटांनी काही बिघडत नाही, पोट तेवढं सांभाळून घेतं.

आणि मधल्या वेळेत भूक लागली तर? आधी ग्लासभर पाणी, मग पंधरा मिनिटं थांबायचं. गेली तर ती भूक नव्हती, कंटाळा होता किंवा तहान होती. नाही गेली तर खा. खरी भूक पाण्याने मारत बसू नका, ती रात्री फ्रीजसमोर वसूल करते.

पायरी ४: मग दिवसाला एकूण किती?

८ ग्लास. सगळ्यांना पाठ आहे, कुठून आलं विचारलं तर कुणी सांगत नाही. एक धागा असा सापडतो की १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि लगेच पुढे असंही लिहिलं की यातलं बरंचसं खाण्यातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, पुढचं तिथेच राहिलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या किडनीच्या अभ्यासकाने या ८ ग्लासांमागे काही शास्त्रीय आधार आहे का म्हणून बरंच शोधलं, त्यांना सापडला नाही.

हाताशी धरायला आकडे हवेत तर हे घ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये बायकांना २ लिटर आणि पुरुषांना २.५ लिटर असं सांगितलंय, अमेरिकेत २००४ पासून २.७ आणि ३.७ चालतं. हे एकूण पाणी हं, खाण्यातलं धरून, आणि खाण्यातून साधारण पाचवा हिस्सा येतो. तो वजा केला की पिण्याचं म्हणून बायकांना १.६ ते २.२ लिटर आणि पुरुषांना २ ते ३ लिटर उरतं. त्यात चहा-कॉफी पण धरायची, कॉफीने शरीर सुकतं हा गैरसमज आहे, रोज पिणाऱ्यांनी तीन-चार कप घेतले तर त्यातलं पाणी शरीराला मिळतंच. आता जेवणाआधीचे दोन वेळचे ५०० मिली धरले की एक लिटर तिथेच झालं, राहिलं थोडं.

'वजन गुणिले ३५ मिली' वालं सूत्र पण फिरतं. जाड माणसाला ते उगाच फुगवून आकडा देतं, ११० किलोला ३.८५ लिटर! चरबीत पाणी फार कमी असतं, वाढलेल्या किलोंमागे तेवढं पाणी लागत नाही.

डाएटवर असताना मात्र एक गोष्ट लक्षात घ्या जी सहसा कुणी सांगत नाही. जेवण कमी केलं की जेवणातून येणारं पाणीही कमी होतं. म्हणजे आधीइतकंच पाणी पीत राहिलात तर एकूण हिशोबात कमी पडू शकतं, तोंड कोरडं, डोकं दुखणं, आणि मुख्य म्हणजे शौचाला कडक. त्यात सॅलड आणि चोथ्याचे पदार्थ वाढवले असतील आणि पाणी नाही वाढवलं तर विचारूच नका.

रोज मोजायचा कंटाळा आला तर लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद म्हणजे कमी पडतंय, दिवसभर पाण्यासारखी पांढरीच असेल तर गरजेपेक्षा जास्त होतंय. सकाळची पहिली धरू नका, ती गडदच असते. आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर भडक पिवळी होते, त्याने घाबरायचं नाही. घाम येईल असा व्यायाम करत असाल तर आधी आणि नंतर वजन करा, जितके ग्रॅम कमी भरले तितके मिली पाणी गेलंय असं समजा.

गार पाण्याची गोष्ट

बर्फगार पाणी प्यायलं की ते गरम करायला शरीर कॅलरी जाळतं, हे ऐकलंच असेल. खरं आहे. किती? ५०० मिली पाणी ३ अंशावरून ३७ वर न्यायला १७ कॅलरी. झालं, एवढंच. २००३ साली बर्लिनच्या एका अभ्यासात ५०० मिली पाण्याने चयापचयाचा वेग ३० टक्के वाढला असं आलं होतं आणि ते अजूनही सगळीकडे फिरतंय, पण तो प्रयोग १४ जणांवर होता आणि नंतर दुसऱ्यांनी करून पाहिला तेव्हा तसा मोठा परिणाम दिसला नाही. गार आवडतं तर गार प्या.

पायरी ५: विसरायला होतं, त्याचं काय

अ‍ॅपचे अलार्म दोन दिवस ऐकतो, मग झोपेत बंद करतो तसे बंद करतो. त्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला पाणी बांधा. उठल्यावर दात घासले की एक ग्लास. कामावर जागेवर बसलं, लॅपटॉप उघडायच्या आधी एक. स्वयंपाकाला लागलं की जेवणाआधीचं अर्धा लिटर तिथेच ओट्यावर भरून ठेवायचं, पोळ्या होईपर्यंत संपतं, आणि अर्ध्या तासाचं गणितही आपोआप जमतं, माझं तरी असंच जमलं. बाटली डोळ्यासमोर हवी, बॅगेतली बाटली म्हणजे नसलेली बाटली. संध्याकाळी सातनंतर हात आखडता घ्या, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि मग पाण्याने मिळवलेलं सगळं खाण्यात जातं.

जास्त पण नको

आपली किडनी तासाला फार तर ८०० मिली ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकते. त्याच्या पुढे भराभर पीत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, झटके, आणि जीवही जाऊ शकतो. २००७ साली कॅलिफोर्नियात एका रेडिओ स्टेशनच्या पाणी पिण्याच्या स्पर्धेनंतर एक तरुण बाई गेली. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं वजन धावून उलट वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त झालं होतं, त्यांना तो धोका जास्त होता. त्यामुळे दिवसभराचं राहिलेलं पाणी रात्री एका बैठकीत भरून काढणं, जे मी केलं होतं, ते बिलकुल करू नका. राहिलं तर राहिलं.

पायरी ६: वजनकाटा

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं तर ओरडून सांगत फिरू नका, ते बरंचसं पाणीच असतं. शरीर साखरेचा जो साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी झालं की साठा वापरला जातो आणि ते पाणी लघवीतून जातं. उलटही होतं, एक दिवस खारट खाल्लं की पाणी धरून ठेवलं जातं, पाळीच्या आधी किलो-दीड किलो सहज वाढतं, आणि अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर चढलात तर अर्धा किलो जास्त दाखवणारच, तो काटा आहे, त्याला तुमचं डाएट माहीत नाही. मी एकदा याच अर्ध्या किलोवरून रडले होते.

सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी वजन करा. आठवड्यातून तीन वेळा, आणि त्यांची सरासरी लिहा. चार आठवड्यांच्या चार सरासऱ्या शेजारी शेजारी ठेवा. काहीच हललं नसेल तर पाण्याचा ग्लास वाढवायच्या आधी ती पहिल्या तीन दिवसांची यादी परत काढा आणि गोल केलेल्यांपैकी अजून काय काय चालू आहे ते बघा.